परदेशातील ग्रामीण भागात ख्रिस्ती वैद्यकीय मिशनसोबत स्वयंसेवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जाण्याचा विचार करणारे, अर्ज भरून उत्तराची वाट पाहणारे आणि नुकतेच परतलेले अशा सगळ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. व्हिसा, परवाने आणि लसींचे नियम देशागणिक वेगळे असतात आणि बदलतही राहतात. त्यामुळे तिकीट काढण्याआधी त्या देशाची वकिलात आणि तिथलं हॉस्पिटल, दोघांनाही विचारून घ्या.

१. वैद्यकीय मिशन म्हणजे नक्की काय? गावात जाऊन शिबिर घेतात तेच का?

शिबिर हा त्यातला एक प्रकार. फोटो त्याचेच जास्त निघतात म्हणून तोच डोळ्यांसमोर येतो. बहुतेक काम होतं ते बारा महिने चालणाऱ्या मिशन हॉस्पिटलांत: केनियातली टेनवेक आणि किजाबे, नेपाळमधलं तानसेन, पापुआ न्यू गिनीतलं कुडजिप. इथले बहुतेक कर्मचारी स्थानिकच असतात. बाहेरचे स्वयंसेवक कुणाच्या रजेच्या काळात, प्रशिक्षणासाठी किंवा एखाद्या विशेष शस्त्रक्रियेसाठी येतात. डॉक्टरांना अशा हॉस्पिटलांत पाठवणाऱ्या संस्था वेगळ्या असतात. १९७७ मध्ये सुरू झालेली वर्ल्ड मेडिकल मिशन ही त्यांतली एक. १९७८ पासूनची मर्सी शिप्स जहाजावरच शस्त्रक्रिया करते. जहाज बंदरात उभं असतं, पण रुग्ण आतल्या खेड्यांतूनही येतात. आणि जिथे रस्ताच नाही तिथे मिशन एव्हिएशन फेलोशिपची छोटी विमानं उतरतात. त्यांत बसताना बॅगेबरोबर तुमचंही वजन करतात, तेव्हा लाजू नका.

२. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. माझा काही उपयोग आहे का?

आहे, आणि कधी कधी डॉक्टरपेक्षा जास्त. ऑटोक्लेव्ह (उपकरणं वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) बंद पडला की शस्त्रक्रिया थांबतात, मग सर्जन कितीही नामांकित असो. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, जनरेटर, पाण्याचा पंप, क्ष-किरण यंत्र यांची दुरुस्ती जाणणारा माणूस गेला की हॉस्पिटलवाले त्याला सोडायला तयार नसतात. टेनवेक हॉस्पिटलची तर स्वतःची जलविद्युत यंत्रणा आहे. औषधसाठ्याची नोंद ठेवणारे, हिशेब तपासणारे, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट या सगळ्यांना मागणी असते. घरी पोटापाण्यासाठी जे काम करता तेच तिथे करायला मागा. भिंती रंगवायला मात्र परदेशातून जाऊ नका. रंगारी तिथेही असतो आणि त्याला कामाची गरज असते.

३. ख्रिस्ती असणं बंधनकारक आहे का?

संस्थेवर अवलंबून आहे. काही संस्था विश्वासाच्या कबुलीवर, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धा मान्य असल्याच्या लेखी निवेदनावर, सही मागतात, सोबत तुमच्या मंडळीच्या (चर्चच्या) पाळकांचं शिफारसपत्रही. काही संस्था दीर्घ मुदतीच्या कामासाठीच ही अट ठेवतात आणि थोड्या दिवसांसाठी येणाऱ्या तज्ज्ञाला कामापुरतं घेतात. तिसऱ्या प्रकारच्या संस्था एवढंच विचारतात की आमच्या शिस्तीत राहाल का: सकाळची उपासना, दारू-तंबाखू नाही, पोशाख साधा. अट मनापासून मान्य नसेल तर खोटी सही करू नका. लहान आवारात, तीच चार माणसं रोज भेटत असताना, ते दोन दिवसांत उघडं पडतं.

४. मला दोनच आठवडे सुट्टी मिळते. तेवढ्यात काही होतं का?

तुम्ही काय करायला जाताय त्यावर ते ठरतं. स्थानिक भूलतज्ज्ञ रजेवर आहे आणि त्याची जागा दोन आठवडे सांभाळायची आहे, तर नक्की होतं. स्थानिक परिचारिकांना नवजात बाळाला श्वास देण्याचा सराव करून घ्यायचा आहे, तरीही होतं. आरोग्यव्यवस्था सुधारायला निघाला असाल तर मात्र हॉस्पिटल, रस्ता आणि जेवणाची वेळ समजेपर्यंत परतीचा दिवस उजाडतो.

पाहुण्यांचा स्थानिकांवर पडणारा भारही हिशेबात घ्या. तुम्हाला विमानतळावरून आणायला गाडी जाते, तुमच्यासोबत दुभाषी म्हणून एक नर्स दिली जाते, म्हणजे वॉर्डात एक नर्स कमी होते. म्हणून पहिल्या भेटीत कमी दिवस चालतील, पण पुढे त्याच ठिकाणी जायचं या तयारीने जा. दर वर्षी नवा देश निवडणाऱ्यांना प्रवास घडतो. हॉस्पिटलला दर वेळी नवशिक्याच मिळतो.

५. खर्च कोण करतं? पगार मिळतो का?

पगार नसतो, आणि बहुतेक वेळा खर्चही तुमचाच: विमानभाडं, व्हिसा, लसी, विमा, राहण्या-जेवण्याचं शुल्क. मर्सी शिप्सवर तर अनेक वर्षं सर्जनपासून स्वयंपाक्यापर्यंतचे स्वयंसेवक जहाजावर राहण्याचे पैसे भरत आले. अनेक जण हे पैसे मंडळी, मित्र आणि नातेवाइकांकडून उभे करतात. असं करत असाल तर देणाऱ्यांना हिशेब द्या आणि जाणं रद्द झालं तर पैशाचं काय होणार हे आधीच सांगा.

विमा घेताना दोन गोष्टी बारकाईने वाचा. पहिली, आजारी पडल्यास विमानाने मोठ्या हॉस्पिटलात हलवण्याचा खर्च त्यात आहे का. आतल्या भागातून असं हलवणं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचं असतं. दुसरी, युद्ध आणि साथ यांना विम्यातून वगळलंय का. उपचारातल्या चुकीबद्दलचा व्यावसायिक विमा वेगळा असतो. तुमचा नेहमीचा विमा परदेशात लागू होईल असं धरून चालू नका.

६. मी वैद्यकीय विद्यार्थी आहे. तिथे स्वतःच्या हाताने बरंच काही करायला मिळतं म्हणतात. खरं आहे का?

मिळतं, आणि तिथेच गोम आहे. साधा नियम धरा: जे काम तुमच्या स्वतःच्या देशात, आजच्या तारखेला, देखरेखीशिवाय करायची परवानगी तुम्हाला नाही, ते तिथेही करायचं नाही. ‘इथे दुसरं कोणी नाहीच’ हे वाक्य कानावर येईल. बऱ्याचदा दुसरं कोणीतरी असतं, फक्त तो क्लिनिकल ऑफिसर (उपचारांचं प्रशिक्षण घेतलेला, पण डॉक्टरची पदवी नसलेला कर्मचारी) असतो आणि त्याच्या नावापुढे डॉक्टर लागत नाही. सिझेरियन करण्यात त्याचा हात तुमच्यापेक्षा कितीतरी पक्का असतो. त्याच्याकडून शिका.

वैद्यकीय शिक्षण नसलेल्या परदेशी माणसाने उपचार केल्याच्या आरोपावरून प्रकरण न्यायालयात गेल्याचं उदाहरण आहे. युगांडातल्या जिंजा इथे कुपोषित मुलांसाठी केंद्र चालवणाऱ्या एका अमेरिकन मिशनरी बाईवर दगावलेल्या मुलांच्या आयांनी २०१९ मध्ये दावा लावला. २०२० मध्ये तो दायित्व मान्य न करता तडजोडीने मिटला. हेतू चांगला होता की नाही यावर लोक अजून वाद घालतात. शिक्षण आणि परवाना नसताना उपचार करावेत का, हा प्रश्न त्या वादाच्या आधीचा आहे.

७. मी फुकट काम करणार आहे. तरी परवाना लागतो का?

हो. तुम्ही पैसे घेता की नाही याच्याशी रुग्णाच्या सुरक्षिततेचा संबंध नाही. परदेशी डॉक्टर, नर्स, दंतवैद्य यांना बहुतेक देशांत तिथल्या वैद्यकीय किंवा परिचर्या परिषदेकडून तात्पुरती नोंदणी घ्यावी लागते. केनिया, युगांडा, मलावी, नेपाळ सगळीकडे अशा परिषदा आहेत. अर्जासाठी पदवी, तुमच्या देशातल्या नोंदणीची प्रत आणि तुमच्यावर शिस्तभंगाची कारवाई नसल्याचं प्रमाणपत्र मागतात, काही ठिकाणी नोटरीसह. हे सगळं जमवायला महिने जातात. अर्ज यजमान हॉस्पिटलमार्फत करा. ‘आमच्याकडे कोणी तपासत नाही’ असं एखादी संस्था म्हणाली तर तिच्याबद्दल दोनदा विचार करा (प्रश्न १६ पाहा).

८. पर्यटक व्हिसावर गेलं तर चालतं का?

बहुतेक देशांत नाही. बिनपगारी कामही कामच धरलं जातं. पकडले गेलात तर तुम्हाला परतीचं विमान मिळेल. दंड आणि चौकशी मात्र हॉस्पिटलच्या वाट्याला येईल.

९. कोणत्या लसी आणि गोळ्या घ्याव्या लागतात?

निघण्याच्या किमान आठ आठवडे आधी प्रवासी आरोग्याच्या डॉक्टरांना भेटा. हिपॅटायटिस बी आधी झाली नसेल तर त्याहून लवकर, कारण तिचे तीन डोस सहा महिन्यांत पसरलेले असतात. रुग्णसेवा करणाऱ्याने ही लस घेऊन थांबू नये, रक्तात प्रतिपिंडं तयार झाली का हेही तपासावं.

आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेच्या काही देशांत पीतज्वराच्या (यलो फिव्हरच्या) लसीचं प्रमाणपत्र लागतं. ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं आणि ११ जुलै २०१६ पासून आयुष्यभर चालतं. साठीच्या पुढच्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी ही लस डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये.

रेबीजची आगाऊ लस लोक टाळतात, पण आतल्या गावात तिचा खरा फायदा होतो. कुत्रा चावल्यावर लस तरीही घ्यावी लागते, पण इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागत नाही. आणि तेच औषध ग्रामीण भागात सर्वांत दुर्मीळ असतं.

मलेरियाच्या गोळ्या परत आल्यावरही चालू ठेवायच्या असतात: अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस, डॉक्सिसायक्लिन किंवा मेफ्लोक्विन चार आठवडे. ‘स्थानिक लोक तर घेत नाहीत’ म्हणून सोडू नका. तिथे वाढलेल्या प्रौढांना वारंवारच्या संसर्गाने थोडं संरक्षण मिळालेलं असतं, ते तुम्हाला नाही.

लस फक्त तुमच्या संरक्षणासाठी नसते. २०१० मध्ये हैतीत कॉलरा पोचला तो मदतीला आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या तळावरून. गोवर, फ्लू, कोविड हे पाहुण्याच्या बॅगेतून सहज येतात.

१०. काम करताना सुई टोचली तर?

जखम साबण-पाण्याने धुवा, पिळू नका आणि लगेच प्रमुखांना सांगा. एचआयव्हीविरोधी औषधं शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करायची आणि २८ दिवस घ्यायची असतात. ती हॉस्पिटलात आहेत का हे जाण्याआधीच विचारा. नसतील तर पहिले काही दिवस पुरतील इतकी सोबत न्या. लाजेपोटी रात्रभर गप्प बसणारे दर वेळी कोणी ना कोणी निघतात, म्हणून हे इथे लिहिलं.

११. सोबत औषधं भरून नेली तर चालेल ना? नमुन्याच्या गोळ्या बऱ्याच जमल्या आहेत.

नमुन्याच्या गोळ्या नकोत. औषधदानाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं १९९६ पासून आहेत आणि २०१० मध्ये ती सुधारली. त्यांत हे स्पष्ट लिहिलंय: मागितलेलीच औषधं द्यावीत, रुग्णांनी परत केलेली किंवा मोफत नमुन्यांची देऊ नयेत आणि पोचताना किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी. वेगवेगळ्या नावांच्या दहा-दहा गोळ्यांची पिशवी म्हणजे तिथल्या फार्मासिस्टला वर्गीकरणाचं काम आणि शेवटी जाळायचा कचरा. वेदनाशामक ओपिऑइडसारखी नियंत्रित औषधं परवानगीशिवाय बॅगेत सापडली तर अटकही होऊ शकते.

हॉस्पिटलकडून यादी मागवा. बऱ्याचदा उत्तर येतं की औषधं इथेच मिळतात, पैसे पाठवा. तेच स्वस्त पडतं. यंत्रांचंही तसंच. सुटे भाग आणि दुरुस्ती त्या देशात मिळत नसेल तर देणगीतलं यंत्र वर्षभरात खोलीच्या कोपऱ्यात जातं.

१२. भाषा येत नाही. रुग्ण कसे तपासायचे?

प्रशिक्षित दुभाष्याच्या मदतीने. रुग्णाच्या मुलाला मध्ये घालू नका; आईची पाळी किंवा अंगावरून जाणारं रक्त यांबद्दल तो विचारणार नाही आणि ती सांगणार नाही. बोलताना दुभाष्याकडे न बघता रुग्णाकडे बघा आणि एका वेळी एकच वाक्य बोला. शेवटी ‘समजलं का’ विचारू नका, कारण पाहुण्या डॉक्टरला ‘नाही’ म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. गोळी कधी आणि कशी घेणार ते रुग्णाकडूनच वदवून घ्या. नमस्कार, दुखतंय का, श्वास घ्या, माफ करा एवढे शब्द मात्र स्वतः शिका.

१३. रुग्णासोबत प्रार्थना करता येते का? सुवार्ता सांगता येते का?

सर्वांत जास्त येणारा आणि सर्वांत जास्त वाद होणारा प्रश्न. आधी कायदा. नेपाळमध्ये २०१५ च्या राज्यघटनेने धर्मांतर घडवण्यावर बंदी आहे आणि २०१८ मध्ये लागू झालेल्या दंडसंहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. परदेशी माणसाला शिक्षा भोगल्यावर देशाबाहेर काढतात. तरीही युनायटेड मिशन टू नेपाळ तिथे १९५४ पासून काम करते आहे. सेवा आणि प्रचार यांच्यातली रेघ पाळूनही मिशनचं काम दशकानुदशकं टिकतं, याचा हा धडधडीत पुरावा. अनेक देशांत अशी बंदी नाही आणि वॉर्डातली सकाळची प्रार्थना ही कर्मचाऱ्यांचीच पद्धत असते.

कायदा परवानगी देतो तिथेही पथ्य आहेच. रेडक्रॉस आणि स्वयंसेवी संस्थांच्या १९९४ च्या आचारसंहितेनुसार मदत ही धार्मिक मत पुढे नेण्याचं साधन होऊ नये. हा केवळ बाहेरच्यांचा आग्रह नाही. जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकन आणि जागतिक इव्हँजेलिकल युती यांनी २०११ मध्ये मिळून काढलेल्या निवेदनातही रोग बरे करण्याच्या सेवेत माणसाच्या असहायतेचा गैरफायदा घेऊ नये असं सांगितलं आहे. प्रत्यक्षात याचा अर्थ असा: प्रार्थनेला बसला नाही म्हणून कोणाचा नंबर मागे जाणार नाही, औषधाच्या पुडीबरोबर पत्रक नाही आणि ‘प्रार्थना करू का’ हा प्रश्न उपचार झाल्यावर, नकार देणं सोपं जाईल अशा तऱ्हेने. रुग्णाने स्वतःहून मागितली तर जरूर करा, शक्यतो त्याच्या भाषेत बोलणाऱ्या सहकाऱ्याला सोबत घेऊन. गावात परततो तो रुग्ण, तुम्ही नाही. त्याच्या शेजाऱ्यांनी काय म्हटलं त्याची किंमत त्यालाच मोजावी लागते.

१४. शिबिरात रक्तदाब, मधुमेहाचे रुग्ण सापडले तर औषध सुरू करावं का?

पुढच्या महिन्याची गोळी कोण देणार याचं उत्तर असेल तर करा. नसेल तर तीस दिवसांच्या गोळ्या देऊन आपल्या मनाचं समाधान होतं, रुग्णाच्या रक्तदाबाचं काही होत नाही. मधुमेहात तर रक्तातली साखर फार खाली जाण्याचा धोकाही असतो. अशा रुग्णाला चिठ्ठी देऊन जवळच्या कायमच्या केंद्रात पाठवा आणि त्या केंद्राला आधी विचारून ठेवा. तीच गोष्ट शस्त्रक्रियेची. जखमेत पू होतो तो अनेकदा टाके घातल्यावर पाचव्या-सातव्या दिवशी, म्हणून मुक्कामाच्या शेवटच्या दिवसांत मोठी शस्त्रक्रिया ठेवू नये.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी विचारत नाही. मिशन हॉस्पिटलं बरीचशी रुग्णांच्या माफक शुल्कावर चालतात. शेजारीच मोफत शिबिर भरलं की लोक हॉस्पिटलात जायचं सोडून पुढच्या शिबिराची वाट बघतात. शिबिर हॉस्पिटलच्या नावाने आणि त्याच्याच कागदावर व्हावं.

१५. रुग्णाचे नातेवाईक थेट माझ्याकडे पैसे मागतात. द्यावेत का?

हातात देऊ नका. बऱ्याच मिशन हॉस्पिटलांत गरीब रुग्णांसाठी निधी असतो. तिथे द्या आणि कोणाला किती मदत करायची ते तिथल्या समाजसेवकाला ठरवू द्या. त्याला घराघराची परिस्थिती माहीत असते.

१६. संस्था चांगली आहे की नाही हे कसं ओळखायचं?

त्यांना विचारा की तुम्हाला कोणी बोलावलं. हॉस्पिटलने बोलावलं असेल तर कामाचं स्वरूप, देखरेख करणाऱ्याचं पद आणि तारखा लगेच सांगता येतात. मग विचारा की स्थानिक कर्मचारी शिकून पुढे जातात का. पॅन-आफ्रिकन अ‍ॅकॅडमी ऑफ ख्रिश्चन सर्जन्स ही संस्था १९९६ पासून आफ्रिकेतल्या मिशन हॉस्पिटलांतच आफ्रिकन डॉक्टरांना शल्यविशारद म्हणून तयार करते. माझ्या मते याहून चांगली कसोटी नाही: वीस वर्षांनंतरही तीच शस्त्रक्रिया करायला पाहुणाच लागत असेल, तर मधल्या काळात काय केलं? तुमची पदवी न तपासता पैसे घेणारी, रडणाऱ्या मुलांच्या चेहऱ्यांवर जाहिरात करणारी संस्था सोडून द्या.

१७. फोटो काढून टाकले तर चालतात का? लोक ‘हो’ म्हणतात.

उपचार देणाऱ्याला ‘नाही’ म्हणणं अवघड असतं (दुभाष्याबद्दलचं उत्तर १२ पाहा). रुग्णाचा फोटो फक्त हॉस्पिटलच्या लेखी परवानगीने, आणि मुलांचा अजिबात नको. सहकाऱ्यांसोबत चहाचा फोटो खुशाल काढा.

१८. साथ किंवा दंगल सुरू झाली तर थांबावं की निघावं?

निर्णय यजमानांचा आणि संस्थेचा, तुमचा एकट्याचा नाही; निघा म्हटलं की निघायचं, असं लिहूनच जावं. २०१४ मध्ये लायबेरियाची राजधानी मोन्रोव्हियातल्या एल्वा मिशन हॉस्पिटलात एका अमेरिकन डॉक्टरला आणि संरक्षक पोशाखांच्या निर्जंतुकीकरणाचं काम करणाऱ्या एका मिशनरी बाईला इबोला झाला. दोघांना खास विमानाने अमेरिकेत नेलं आणि ते वाचले. लायबेरियन आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी असं विमान नव्हतं, आणि त्यांतले पुष्कळ गेले. साथीत प्रशिक्षण नसलेला पाहुणा राहिला तर आणखी एक रुग्ण वाढण्याचाच धोका जास्त. प्रशिक्षण असलेल्याने थांबायचं ठरवलं तर घरच्यांशी ते बोलणं साथ यायच्या आधी झालेलं असावं.

१९. परत आल्यावर ताप आला. फ्लूच असेल ना?

मलेरिया नाही हे सिद्ध होईपर्यंत मलेरियाच समजा, गोळ्या नियमित घेतल्या असल्या तरी. त्याच दिवशी रक्त तपासा आणि कुठून आलात ते डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा. घातक फाल्सिपॅरम मलेरिया बहुधा तीन महिन्यांत दिसतो, व्हायव्हॅक्स कित्येक महिन्यांनीही डोकं वर काढतो. क्षयरोगाच्या वॉर्डात काम केलं असेल तर परतल्यावर आठ ते दहा आठवड्यांनी चाचणी करा. त्याआधी केलेली चाचणी फसवू शकते. झोप न लागणं, घरच्या गप्पांत मन न रमणं, दगावलेलं मूल आठवत राहणं हेही होतं. संस्थेला परतीनंतरचं बोलणं ठेवायला सांगा, आणि महिन्याभरात कमी झालं नाही तर समुपदेशकाकडे जा.

२०. तिथले रुग्ण मला व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट पाठवतात. औषध सांगू का?

नको. तुमची तात्पुरती नोंदणी संपलेली असते, रुग्ण समोर नसतो आणि तिथल्या डॉक्टरने कालच काही बदललं असेल तर तुम्हाला कळणार नाही. प्रेमाने उत्तर द्या, हॉस्पिटलचा नंबर द्या आणि रिपोर्ट रुग्णाच्या संमतीने तिथल्या सहकाऱ्याला पाठवा. त्या सहकाऱ्याने तुमचं मत विचारलं तर त्याला सांगा. निर्णय आणि सही त्याची. पुढच्या वेळी जाल तेव्हा स्वतःचा नंबर रुग्णांना देऊ नका.